ऐरणीवरची हौस

संशयी : सुरीइतकी सहज मिळणारी पोलादी वस्तू दुसरी नसेल. भांड्यांच्या कोणत्याही दुकानात शे-दोनशे रुपयांत स्टेनलेस पात्याची सुरी मिळते. ती सहसा गंजत नाही, आणि बोथट झाली तर धारवाला दारावरून जातोच. असे असताना गॅसची भट्टी, ऐरण, सांडशी, पट्ट्याचा ग्राइंडर असा पसारा मांडून, सुट्यांमागून सुट्या खर्चून एक सुरी घडवणाऱ्या माणसाने नेमके काय साधले? काटकसर तर नाहीच. त्या ग्राइंडरच्या पैशात तीन पिढ्यांच्या सुऱ्या येतील. गुणवत्ता म्हणावी, तर कारखान्यात पोलादाची रासायनिक तपासणी होते, भट्टीचे तापमान यंत्र राखते आणि हजाराव्या पात्याचा कडकपणा पहिल्याइतकाच भरतो. हौशी माणसाची दहा पाती दहा तऱ्हांची निघतात. उरला आनंद. त्याला कोणाची हरकत असायचे कारण नाही, पण मग या हौसेला कारागिरी म्हणण्याचा आग्रह कशाला?

हौशी : पैशाचा मुद्दा बिनशर्त मान्य. गुणवत्तेचा तसा मान्य करता येणार नाही. कारखान्याचा हिशेब तक्रारींचा असतो. स्वस्त सुरीचे पाते रॉकवेल मापावर ५२ ते ५६ इतकेच कडक ठेवतात, कारण गिऱ्हाईक तीच सुरी हाडावर चालवते, ओट्याच्या दगडावर घासते आणि तिनेच डब्याचे झाकण उचकटते. कडक पात्याचा टवका उडाला तर गिऱ्हाईक दुकानात परत येते. मऊ पाते आठवड्यात बोथट झाले तर सुऱ्या अशाच असतात असे म्हणून गप्प बसते. पाते जाड ठेवण्यामागेही हाच विचार. घरी सुरी घडवणाऱ्याला हा हिशेब लागू नाही. कोणाच्या हातात आणि कशासाठी जाणार हे ठाऊक असेल तर तो पाते ६१पर्यंत कडक ठेवू शकतो आणि धारेमागची जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आत आणू शकतो.

शिवाय ही हौस कारखान्याच्या अज्ञानातून जन्मलेली नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत हातोड्याने सुरी घडवणारे फार थोडे उरले होते. १९७३ मध्ये कॅन्सस सिटीच्या प्रदर्शनात मेरीलँडच्या बिल मोरनने थरांवर थर तापवून, ठोकून जोडून केलेल्या, दमास्कस म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नक्षीच्या सुऱ्या मांडल्या आणि १९७६ मध्ये अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी उभी राहिली. यात नोकरी सांभाळून भट्टी पेटवणारे पुष्कळ होते. २०१५ पासून ‘फोर्ज्ड इन फायर’ या दूरचित्रवाणी स्पर्धेने तीच भट्टी घराघरांत दाखवली. पोटासाठी कोणी करेनासे झालेले काम हौशी लोकांनी सांभाळले, एवढे तरी मानावे लागते.

संशयी : सांभाळले ते काम की त्याचा देखावा, हे मालापासून तपासावे. हौशी लोहार सुरुवात करतो ती भंगारापासून. जुनी कानस, ट्रकचा कमानपाटा, बेअरिंगची कडी, अमेरिकेत तर रेल्वेच्या रुळाचे खिळे. खिळ्याचे डोके तसेच ठेवून पुढे पाते काढलेली सुरी भिंतीवर छान दिसते, पण त्या खिळ्यात कार्बन ०.३ टक्क्यांच्या आसपास. ती कितीही तापवून बुडवली तरी चांगली धार धरण्याइतकी कडक होणार नाही. कानशीचे म्हणावे तर जुन्या चांगल्या कानशीत एक टक्क्याच्या पुढे कार्बन असतो, पण स्वस्तातल्या काही कानशी वरच्या कातडीपुरत्याच कडक केलेल्या असतात. ती कातडी घासून काढली की आत साधे लोखंड. कमानपाट्याने लाखो धक्के खाल्लेले असतात, त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा असू शकतात. आपल्या हातात कोणते पोलाद आहे हेच ज्याला ठाऊक नाही त्याने त्याला अंशाअंशाने तापवण्याच्या गोष्टी कराव्यात, हे विचित्र आहे.

हौशी : आक्षेप रास्त आहे आणि या छंदातले जुने लोक नवशिक्याला पहिला सल्ला हाच देतात: भंगार सोडा, माहितीचे पोलाद विकत घ्या. त्यातही १०८४ नावाचे. या नावातले शेवटचे दोन आकडे कार्बन सांगतात, म्हणजे ०.८४ टक्के. कार्बन साधारण ०.७७ टक्के असला की पोलादाची तापल्यावरची घडण सर्वांत सरळ असते. १०८४ त्या आकड्याच्या अगदी शेजारी बसते, म्हणून घरगुती भट्टीतही ते फसवत नाही. १०९५ मध्ये कार्बन जास्त, म्हणून ते चांगले असे नवशिक्याला वाटते. प्रत्यक्षात ते इतके उतावळे असते की तापलेले पाते साधारण एका सेकंदात साडेपाचशे अंशांच्या खाली आले नाही तर कडकपणा हुकतो.

आता कमानपाटा. त्याची बाजू घ्यावी लागेल. त्यात ०.५ ते ०.६ टक्के कार्बन आणि जोडीला क्रोमियम किंवा सिलिकॉन-मँगनीज असते. असे पोलाद तेलात सावकाश थंड झाले तरी खोलवर कडक होते आणि चिवट राहते. महाराष्ट्रात आठवडी बाजाराच्या कडेला पाल टाकून बसणारा घिसाडी कोयता घडवतो तो बहुधा याच पाट्याचा. नेपाळात खुकरी घडवणारे कामी लोकही ट्रकचे पाटेच वापरतात. अज्ञात पोलादाची परीक्षा अवघड नाही. बोटभर तुकडा कापायचा, लाल करून तेलात बुडवायचा, कानस फिरवून बघायची आणि मग शिकंज्यात धरून हातोड्याने मोडायचा. काचेसारखा तुटला तर कडक होणारे पोलाद, वाकला तर नाही. चिरांची शक्यता मात्र उरतेच. तिचे उत्तर नवा पाटा घेणे, एवढेच.

संशयी : पुढचा प्रश्न हातोड्याचा. सगळी मोहिनी त्याचीच आहे. ठिणग्या, घणाचा नाद, घामाने चिंब माणूस. पण पात्याचा आकार पट्टी कापून आणि घासूनही येतो. बॉब लव्हलेससारखा विसाव्या शतकातला अत्यंत मान्यताप्राप्त कारागीर मुख्यतः तयार पट्टीतूनच सुऱ्या काढत असे आणि त्यांच्यासाठी लोक वर्षानुवर्षे थांबत. घडवल्याने पोलाद सुधारते असे म्हणतात. धारेवर हलक्या हाताने ठोकत राहिले की तिथले कण दाटीने बसतात, अशी जुनी समजूत आहे. घन पोलाद हातोड्याने दाबून दाट होत नाही, हे धातुशास्त्र जाणणारा कोणीही सांगेल. लॅरिन थॉमस या धातुशास्त्रज्ञाने २०२० च्या ‘नाइफ इंजिनिअरिंग’ या पुस्तकात सुरीच्या पोलादाबद्दलच्या अशा समजुती धातुशास्त्राच्या कसोटीवर लावल्या आहेत. आजची पट्टी कारखान्यातून येतानाच लाटून आलेली असते. शंभर-दोनशे घाव घालून तिच्यात गुण भरता येत नाहीत, घालवता मात्र येतात. जास्त तापली तर तिचा पोत जाडाभरडा होतो, वरच्या थरातला कार्बन जळून जातो आणि काळपट लाल झाल्यावरही ठोकत राहिले तर ती चिरते.

हौशी : यातला एकही शब्द खोटा नाही. पाते बुडवताना त्याचे टोक उत्तरेकडे हवे, ही समजूतही याच पंगतीतली. घडवलेले पाते घासलेल्या पात्यापेक्षा जास्त कापते, असा दावा आता जाणकार करत नाहीत. मग घडवायचे कशाला, याचे उत्तर आकारात आहे. पट्टीतून पाते काढणाऱ्याला पट्टीची जाडी, रुंदी बांधून ठेवते. मुठीकडे सहा मिलिमीटर आणि टोकाकडे दीड मिलिमीटर असा उतार हवा असेल तर त्याला उरलेले पोलाद धूळ करून टाकावे लागते. लोहार ते पोलाद जिथे हवे तिथे नेतो. गोल कडीची सुरी होते, जाड पाट्याचे खुरपे होते.

आणि हलवताना ते पोलाद काही शिकवते. पात्याची एक बाजू ठोकून पातळ केली की ती बाजू लांबते. पाठ तेवढी लांबत नसल्याने सगळे पाते पाठीच्या दिशेने वर वळते. नवशिक्याची सरळ सुरी पाहता पाहता तलवारीसारखी होते. म्हणून जाणता माणूस धार ठोकायच्या आधीच पाते मुद्दाम उलटे, धारेच्या बाजूला वाकवून घेतो. मग प्रत्येक घावागणिक ते थोडे थोडे सरळ होत येते आणि धार पुरी झाली की पाठ आपोआप रेषेत उतरते. किती वाकवायचे हे कुठल्या कोष्टकात मिळत नाही. ते धार किती रुंद आणि किती पातळ करायची यावर ठरते. हे ज्ञान पट्टी घासून येत नाही. त्याने सुरी जास्त कापत नाही, हेही खरे.

या टप्प्यावर वाद बराच निवळतो. हातोड्यामुळे पात्याला गूढ गुण येतात, हा दावा हौशीने सोडला. सुरी बनवायला हातोडा लागतच नाही, हे संशयीने सिद्ध केले. थरांच्या नक्षीचेही तसेच. टाकणखार टाकून १०८४ आणि निकेल असलेले १५एन२० यांचे थर जोडले आणि शेवटी फेरिक क्लोराइडमध्ये बुडवले की निकेलचे थर उजळ राहतात. पण जोडण्याच्या तापमानाला कार्बन थराथरांतून इतका झपाट्याने पसरतो की धारेच्या दृष्टीने सगळे एकच पोलाद होऊन जाते. ती शोभा आहे आणि शोभा म्हणून मोलाची आहे. खरा वाद पुढच्या पायरीवर आहे, जिथे दिसण्यासारखे जवळजवळ काहीच नसते.

संशयी : पाणी देण्यावर. पात्याचे सगळे बरेवाईट तिथे ठरते आणि हौशी माणसाची तयारी नेमकी तिथेच तोकडी पडते. ८१५ अंशांना तापवायचे पाते ८८० ला गेले की पोत बिघडतो, ७४० ला राहिले की कडक होत नाही. हा फरक लाल रंगाच्या दोन छटांचा. भर दुपारी उन्हात पाहिलेला लाल आणि संध्याकाळी पाहिलेला लाल एक नसतो. ज्या कामात साठ-सत्तर अंशांनी पाते वाया जाते ते डोळ्यांच्या अंदाजाने करणे म्हणजे धाडस, आणि यंत्राने करायचे तर ती भट्टी कारखान्याचीच धाकटी बहीण झाली.

हौशी : डोळ्यांच्या जोडीला साधने आहेत आणि ती स्वस्त आहेत. लोखंड ७७० अंशांना चुंबकाला चिकटणे सोडते. म्हणजे भट्टीच्या तोंडाशी टांगलेला चुंबक पहिली खूण देतो. त्यानंतर आणखी चाळीस-पन्नास अंश. ती दुसरी खूण स्वयंपाकघरातल्या मिठाची. मीठ ८०१ अंशांना वितळते. पात्यावर टाकलेली चिमूट वितळून पाझरली की मजल जवळ आली. अंधाऱ्या जागेत नीट पाहिले तर आणखी एक गोष्ट दिसते. पाते लाल होत असताना त्यात काळसर सावल्या फिरतात, कारण आतली घडण बदलताना पोलाद उष्णता गिळते आणि तेवढा भाग क्षणभर मागे पडतो. शेवटची सावली पाठीकडे सरकून नाहीशी झाली की सगळे पाते बदलले. पुस्तकात हे वाचून कळत नाही, एकदा दिसले की विसरता येत नाही.

पण त्याआधी एक काम असते आणि नवशिके तेच टाळतात. घडवताना पाते वारंवार फार तापलेले असते, म्हणून त्याचा पोत मोठा झालेला असतो. ते तीनदा, दर वेळी थोड्या कमी तापमानाला, लाल करून नुसत्या हवेत काळे होऊ द्यायचे. प्रत्येक फेरीत जुने कण मोडून नवे बारीक कण तयार होतात. हे केले की नाही ते सुरी मोडल्यावरच कळते. बिघडलेल्या पात्याची मोड खडीसाखरेसारखी चमचमते. चांगल्या पात्याची मोड राखाडी, मऊ, मखमली दिसते.

मग साधारण पन्नास अंशांना कोमट केलेले तेल. धार या वेळी कोऱ्या नाण्याइतकी जाड ठेवतात. पातळ धार तेलात पीळ खाते किंवा टिंग असा बारीक आवाज होऊन चिरते. पाते सरळ उभे खाली न्यायचे, आडवे हलवायचे नाही, नाहीतर एक बाजू आधी थंड होऊन ते वाकते. वाकलेच तर अजून वेळ असतो. पाते दोनशे अंशांच्या आसपास येईपर्यंत कडक होण्याची क्रिया सुरूच झालेली नसते, त्यामुळे जाड हातमोजे घालून ते त्या अर्ध्या-पाऊण मिनिटात सरळ करता येते. नंतर तेच पाते हातून पडले तर काचेसारखे फुटते. कानस धारेवरून नुसती घसरली की काम झाले, चावली की फसले. लगेच ओव्हन. २०० अंशांना दोन तास, थंड करायचे, पुन्हा दोन तास. पात्यावर गव्हाळ पिवळी झाक येते, ठिसूळपणा जातो आणि कडकपणा ६०-६१ वर स्थिरावतो. घरातला ओटीजी चालतो. मात्र त्याची चकती दाखवते ते आणि आतले खरे तापमान यांत पंधरा-वीस अंशांची तफावत सहज असते. म्हणून वाळू भरलेल्या ताटलीत पाते पुरायचे आणि वेगळा तापमापक ठेवायचा.

संशयी : हे सगळे ऐकताना हौशी लोहार म्हणजे एकट्याने चालवलेली छोटी प्रयोगशाळा, असे चित्र उभे राहते. अडचण ‘एकट्याने’ या शब्दाची आहे. जपानमधल्या साकाई गावच्या सुऱ्या जगभरचे आचारी नावाजतात. तिथे पाते घडवणारा वेगळा, घासून धार काढणारा वेगळा, मूठ बसवणारा वेगळा. प्रत्येकाने आयुष्यभर एकच काम केलेले असते. हौशी माणूस ही तिन्ही कामे रविवारी सकाळी करायला बघतो. दुसरीकडे घिसाड्याकडे ना चुंबक ना तापमापक. भाता आणि कोळसा असतो, कुटुंबातली बाई घण मारते, आणि गिऱ्हाईक समोर उभे असताना कोयत्याला पाणी देऊन होते. त्याचा डोळा दर दिवशी वीस पात्यांनी तयार झालेला आहे. महिन्याला दोन पाती करणाऱ्याचा डोळा कधी तयार व्हायचा? मीठ आणि चुंबक ही त्या न झालेल्या सवयीची कुबडी आहे.

हौशी : कुबडी आहे, आणि पाय अधू असेल तर ती वापरण्यात कमीपणा नाही. परंपरेतल्या डोळ्याचे मोल कोणी नाकारत नाही. नेपाळातला कामी खुकरीला पाणी देतो ते चहाच्या किटलीने. लाल पात्याच्या फक्त धारेवरून, आणि तीही मुख्यतः पोटाच्या भागात, बारीक धार धरून. तेवढाच भाग कडक होतो, पाठ मऊ राहते, खुकरी वाकेल पण तुटणार नाही. एकाच पात्यात दोन स्वभाव आणायचे हे काम किती अवघड आहे ते तापमापक असलेल्यांना विचारावे. मात्र या डोळ्याचीही मर्यादा आहे. तो एका पोलादापुरता, एका आकारापुरता तयार झालेला असतो. कमानपाट्याऐवजी बेअरिंगचे पोलाद दिले, ज्याला जास्त तापमान आणि त्या तापमानाला काही मिनिटे थांबणे लागते, तर जुनी सवय फसवू शकते. एकट्या माणसाला आणखी एक फायदा मिळतो. साकाईचा घासणारा घडवणाऱ्याची चूक पाहतो, पण ती त्याची नसते. इथे धार काढताना लक्षात येते की पाते टोकाला जाड राहिले, आणि पुढच्या वेळी घाव बदलतो.

संशयी : घासण्याचा विषय निघालाच आहे तर त्याची किंमतही बोलावी. शेफील्डमध्ये एकोणिसाव्या शतकात काटे-सुऱ्या कोरड्या दगडावर घासणारे कामगार दगडाच्या धुळीने फुप्फुसे निकामी होऊन तरुणपणी मरत. काटे घासणारे बहुधा चाळिशीही गाठत नसत. ते पोटासाठी होते. दोन इंच रुंद, बहात्तर इंच लांब पट्टा भरधाव फिरवत, गॅरेजचे दार लावून, तोंडाला रुमाल बांधून हौसेखातर धूळ खाणाऱ्याला काय म्हणायचे? गॅसची भट्टी बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड सोडते. जस्ताचा मुलामा दिलेला पाइप भट्टीत गेला तर त्याच्या धुराने ताप भरतो.

त्यापुढे कायदा आणि समाज. शस्त्र अधिनियम १९५९ चा आणि नियम २०१६ चे; घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक वा औद्योगिक कामासाठी नसलेले नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पाते शस्त्रांच्या यादीत मोडते. पुण्यात कोयते नाचवून दहशत माजवण्याच्या बातम्या नित्याच्या झाल्या असताना धारदार वस्तूचे कौतुक करणारा छंद निरागस राहत नाही. आणि शेवटी, करायचे काय? या छंदाची रूपे अमेरिकेच्या शिकारी जीवनातून आली आहेत. तिथे हरणाचे कातडे सोलायला तशी सुरी लागते. महाराष्ट्रात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीला थारा नाही. पुण्या-नाशिकचा हौशी लोहार हरणाची सुरी करतो आणि तिने पार्सलची दोरी कापतो.

हौशी : धुळीबाबत वाद नाही. रुमाल उपयोगाचा नाही. गाळणी बसवलेला मुखवटा, उघडे दार, ठिणग्या पडतील तिथे पाण्याची बादली, ही किमान तयारी. लाकडाची धूळही निरुपद्रवी नसते. शिसवाच्या धुळीने काहींच्या अंगावर पुरळ उठते. आणि या कामातले सर्वांत घातक यंत्र भट्टी नव्हे, चकाकी आणणारे कापडी चाक. ते पात्याचे टोक पकडून पाते कुठेही भिरकावते. कडक केलेले पाते घासताना जाणते लोक हातमोजे घालत नाहीत, कारण पाते तापले हे बोटांना कळले पाहिजे. चटका बसू लागला की पाण्यात बुडवायचे. धारेवर निळा रंग उमटला तर ती जागा तीनशे अंशांच्या घरात गेली आणि ओव्हनमध्ये चार तास घालून मिळवलेले तेवढ्यापुरते गेले.

कायद्यातली सूट वाचली तर तिथेच एक दिशाही सापडते: घरगुती आणि शेतीचे काम. शिकारीच्या सुरीची नक्कल करण्याबद्दलचा टोमणा लागू आहे आणि तो झोंबायलाही हवा. इथल्या स्वयंपाकघरात पिढ्यानपिढ्या पाते स्थिर राहिले आणि भाजी त्याच्यावर आली. विळीचे पाते हे फार सुरेख कोडे आहे. त्याचा बाक असा हवा की बसलेल्या बाईच्या मनगटाला जोर न लावता गवार चिरता यावी. बुडाशी जाड, टोकाला नारळाची खवणी, आणि खवणीचे दात वेगळ्या कडकपणाचे. खुरप्याचेही तसेच. त्याची शेपटी बाभळीच्या मुठीत तापवून बसवतात आणि पाते दगडगोट्यांच्या मातीत रोज घासले जाते. फार कडक केले तर टवके, फार मऊ केले तर दिवसाला दोनदा धार. एका खुरप्यात सुरीपेक्षा जास्त प्रश्न असतात. हौशी लोहार ते क्वचितच करतो, कारण त्याचे छायाचित्र चांगले येत नाही.

संशयी : हे फार महत्त्वाचे कबूल झाले, कारण त्यातून मूळ शंका नीट मांडता येते. घिसाड्याचा कोयता चांगला का, तर तो वाईट निघाला की गिऱ्हाईक पुढच्या बाजारी येऊन तोच कोयता त्याच्यापुढे आपटते. कारागिरीला शिस्त लावणारी गोष्ट ही तक्रार आहे. हौशी लोहाराकडे तक्रार येण्याची सोयच नाही. त्याची सुरी एक तर त्याच्याच कपाटात राहते किंवा भेट म्हणून जाते, आणि भेट मिळालेल्या सुरीबद्दल कोणी वाईट बोलत नाही. अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटीने ही उणीव ओळखून परीक्षा ठेवली, हे तिचे श्रेय. तिचा ‘जर्नीमन’ हा दर्जा मिळवण्यासाठी एकाच सुरीने टांगलेला एक इंची दोर एका घावात तोडायचा, दोन बाय चारची लाकडी पट्टी दोनदा आरपार तोडायची, त्यानंतरही हातावरचे केस काढण्याइतकी धार शिल्लक दाखवायची आणि शेवटी पाते शिकंज्यात धरून नव्वद अंश वाकवायचे. ते दुभंगता कामा नये. पण स्वयंपाकघरात सुरी नव्वद अंश कोण वाकवतो? या परीक्षेला उतरायला पाठ मुद्दाम मऊ करावी लागते. म्हणजे परीक्षेने सुरीला वळण लावले, कामाने नव्हे. शिवाय परीक्षेत उतरलेली सुरी वाकडी होऊन निकालात निघते. जी हातात उरते तिची परीक्षा झालेलीच नसते.

हौशी : शेवटचे वाक्य या छंदाच्या मुळाशी जाते. पात्याचा पोत मोडल्याशिवाय दिसत नाही आणि मोडले की पाते राहत नाही. कारखाना यातून संख्येच्या जोरावर सुटतो. हजारांतली पाच मोडून उरलेल्यांची खात्री देतो. एकेकटी सुरी करणाऱ्याला ती वाट नाही. एकाच पट्टीतून, एकाच दिवशी, एकाच तेलात दोन पाती करायची आणि एक मोडायचे, हा त्यातल्या त्यात प्रामाणिक मार्ग, आणि बरेच जण सुरुवातीची पाती अशी मोडतातही. नव्वद अंशांची परीक्षा सुरीची कमी आणि माणसाची जास्त आहे: पोलाद जिथे जसे हवे तिथे तसे करता येते का, एवढे ती विचारते. तिचे उत्तर मिळाल्यावर माणूस स्वयंपाकाच्या सुरीची पाठ मऊ करायला बांधील राहत नाही.

संशयी : दोन पाती एका दिवसाची असली तरी तेलात बुडवणारा हात दोनदा हलतो. मोडलेल्या पात्याची मखमली मोड दुसऱ्याच्या पोटात काय आहे याची ग्वाही देते, असे फार तर म्हणता येईल. आणि हे सगळे मान्य केले तरी तक्रारीची जागा रिकामीच राहते. सुरी विकली तर? विकायची म्हटली की घालवलेल्या तासांच्या हिशेबाने तिचा भाव दहा-पंधरा हजारांवर जातो. त्या भावाची सुरी घेणारा ती काचेच्या कपाटात ठेवतो, तिने कांदा चिरत नाही. घिसाड्याच्या भावाने विकली तर ज्याचे पोट त्यावर आहे त्याच्याच पालासमोर आपले दुकान मांडल्यासारखे होईल.

हौशी : म्हणून विकूही नये आणि भेटही देऊ नये, उसनी द्यावी. आचाऱ्याला, भाजीवाल्याला, शेतावर निंदणाऱ्या बाईला. पात्यावर पोलादाचा प्रकार आणि पाणी दिल्याची तारीख कोरलेली असावी, म्हणजे परत आलेल्या टवक्याचा माग त्या दिवसाच्या भट्टीपर्यंत काढता येतो. उसनी वस्तू मालकाला परत करताना लोक तिच्यातले दोष सांगतात.

संशयी : सुरी असेल तर सांगणार नाहीत; एवढ्या मेहनतीने केलेली वस्तू पाहून संकोच होतो. खुरपे असेल तर सांगतील.

हौशी : मग खुरप्यापासून सुरुवात करावी. पण निंदणी करणारी बाई हंगामभर वापरलेले खुरपे परत करायला तयार होईल का, आणि झाली नाही तर ती पसंती धरायची की नाही, हे मात्र आधी ठरवून ठेवावे लागेल.